दिसणारा आवाज

"ऐकायची गरजच नाही, बाबा. दिसतं ना सगळं," जावई म्हणाला आणि खुर्ची थोडी बाजूला सरकवून त्याने मला पडद्यासमोर जागा करून दिली. पडद्यावर एक हिरवी पट्टी होती. तिच्यात मधूनमधून फुगवटे होते, एखाद्या अळीने काहीबाही गिळावं आणि ते तिच्या पोटात जागोजागी अडकून राहावं तसे. नुकताच मी माइकसमोर खोकलो होतो, एक-दोन-तीन म्हणालो होतो आणि मॅन्डोलिनची एक तार छेडली होती. सगळ्यात जाड फुगवटा खोकल्याचा होता. "हा तुमचा खोकला," जावई म्हणाला. "असा पकडायचा, असा उडवायचा. गेला. कुणाला कळणारसुद्धा नाही." खोकल्याच्या जागी सरळ रेघ आली. मी मान डोलावली. नवा मिक्सर दाखवताना एखादा जितकं साधं बोलेल तितकंच साधं तो बोलला होता. पण त्याचं पहिलं वाक्य माझ्या अंगावर बारीक काट्यासारखं राहिलं. ऐकायची गरज नाही, हे याला कुणी सांगितलं? कुणीच सांगितलं नसणार. त्या कागदाबद्दल मी कुणाशी बोललो नव्हतो. तो कागद चौपदरी घडी करून मी शब्दकोशाच्या चौथ्या खंडात ठेवला होता, आणि आमच्या घरात शब्दकोशाच्या चौथ्या खंडाला माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही.

रविवारची सकाळ होती. माझ्या टेबलावर दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी होत्या. एकीकडे जावयाने आणलेला त्याचा जुना लॅपटॉप आणि त्यात त्याने नुकतंच घातलेलं सॉफ्टवेअर. दुसरीकडे मी आदल्या दिवशी दुकानातून आणलेला मल्टिट्रॅक रेकॉर्डर. हा रेकॉर्डर म्हणजे एक काळा चपटा डबा, वर आठ उभ्या सरकत्या खुंट्या, प्रत्येक खुंटीखाली एक लाल बटण, आणि कोपऱ्यात काड्यापेटीएवढी काच, जिच्यावर फक्त आकडे दिसतात. जावयाने तो उचलून उलटापालटा करून पाहिला. "हा काय पेटारा आणलात, बाबा? हल्ली कोण घेतं हे? याला एकच काम येतं." मी म्हणालो, "घेतला नाही अजून. वापरून बघायला दिलाय. शनिवारी सांगायचं, ठेवतो की परत देतो." "यात आठ ट्रॅक. कॉम्प्युटरवर शंभर घ्या." "मला दोनच लागतात," मी म्हणालो. त्यावर तो हसला. हसताना त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. चांगला मुलगा आहे. बायको दारात पुसणं घेऊन उभी होती. ती म्हणाली, "दोन तर दोन. त्यांना काय सैन्य उभं करायचंय? आणि सासरे-जावयांचं झालं असेल तर मला ते टेबल पुसू द्या, चार दिवसांची धूळ आहे त्याच्यावर." जावई म्हणाला, "आई, टेबल पुसा, पण वायर हलवू नका." ती म्हणाली, "हे बघा, माझ्या घरात मी वायर हलवायची नाही." मी दोघांच्या तोंडांकडे पाहत होतो. हल्ली मी बोलणाऱ्याच्या तोंडाकडे फार पाहतो. आधी पाहत नसे. उलट, लोकांच्या डोळ्यांना डोळा देत नाही म्हणून लहानपणी मी बोलणी खाल्ली आहेत.

दोनच ट्रॅक का, हे मी जावयाला सांगू शकलो असतो, पण मग बरंच सांगावं लागलं असतं. माझ्या सहा चाली आहेत. त्यांना चाली म्हणावं की नाही याबद्दलही मला शंका आहे, कारण त्यांना शब्द नाहीत आणि त्या कुणी कधी गुणगुणलेल्या नाहीत. चोविसाव्या वर्षी पहिली सुचली, एकसष्टाव्या वर्षी सहावी. मध्ये आणखी सुचल्या असतील, त्या टाकल्या. प्रत्येक चालीला दोन ओळी आहेत, एक वरची आणि एक खालची, आणि त्या दोन्ही एकाच वेळी वाजायला हव्यात. मी एकटा. वरची वाजवली की खालची डोक्यात ठेवायची, खालची वाजवली की वरची. एकदा, आधीच्या घरी, खालच्या मजल्यावर एक व्हायोलिनवादक राहायला आला होता. पहिल्या चालीचं नोटेशन स्वच्छ अक्षरात उतरवून मी त्याच्या दारापर्यंत गेलो होतो. आत तो कुणाला तरी तार नीट न लावल्याबद्दल झापत होता. मी कागद पाठीमागे धरून तसाच जिना चढून वर आलो. बायकोने विचारलं, कुठे गेला होतात? मी म्हणालो, पोस्ट आलंय का बघायला. त्यानंतर पुन्हा कुणाला विचारण्याचा प्रसंग आला नाही, किंवा मी तो येऊ दिला नाही. तेव्हा या वयापर्यंत माझ्याच चाली पुऱ्या वाजलेल्या मी एकदाही ऐकलेल्या नाहीत. एका ट्रॅकवर वरची ओळ ठेवायची, ती हेडफोनमधून ऐकत ऐकत दुसऱ्यावर खालची वाजवायची, मग दोन्ही एकत्र ऐकायच्या. एवढंच मला हवं होतं. पुढे त्याचं काही करायचं नव्हतं. कुणाला पाठवायचं नव्हतं.

घाई होती ती त्या कागदामुळे. चार महिन्यांपूर्वी मी कान तपासायला गेलो होतो. बायकोला दाताचं कारण सांगितलं होतं. काचेच्या लहानशा खोलीत बसवून, कानावर हेडफोन चढवून, हातात एक बटण देतात. आवाज आला की दाबायचं. काचेपलीकडे एक मुलगी यंत्राची कळ फिरवत होती. सुरुवातीचे आवाज मला आले. मग बराच वेळ काहीच आलं नाही, आणि मला वाटलं, एवढा वेळ काही येत नाही म्हणजे आपलं चुकतंय. मग मी त्या मुलीच्या मनगटाकडे पाहू लागलो. मनगट किंचित हललं की मी बटण दाबायचो. तीन-चार वेळा जमलं. मग ती उठली, दार उघडून आत आली आणि अगदी हळुवारपणे म्हणाली, "काका, खुर्ची फिरवून तोंड भिंतीकडे करून बसता का?" या वयात कॉपी करताना पकडलं जाणं ही गोष्ट मला फार दिवस पुरली. डॉक्टरीणबाईंनी नंतर कागदावरची रेघ दाखवली. डावीकडे, जाड आवाजांच्या बाजूला, ती बरी आडवी जात होती, उजवीकडे उतारावर सोडलेल्या चेंडूसारखी खाली गेली होती. वरचे, बारीक आवाज गेलेले आहेत, त्या म्हणाल्या. बाकीचेही जातील, वर्ष म्हणा, दीड वर्ष म्हणा. यंत्र लावलं की बोलणं कळेल. "आणि संगीत?" मी विचारलं. त्यांनी पेन टोपणात घातलं आणि म्हणाल्या, "बोलणं कळेल." मग त्यांनी विचारलं, "घरी कुणी आहे ना?" मी हो म्हणालो.

दुकानदाराच्याही हे लक्षात आलं असावं. तो पूर्वी बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. दात गेले तसं फुंकणं गेलं आणि दुकान आलं, असं त्याने मला पहिल्या दहा मिनिटांतच सांगितलं. त्याने माझ्या डोक्यावर हेडफोन चढवले. "काका, ही बारीक खरखर ऐकू येतेय? ही माइकची. या महागड्या माइकला कमी येईल. आता बघा, आहे?" मी म्हणालो, "आहे, पण कमी." त्याने माझ्याकडे पाहिलं. "आता मी माइकच बंद केलाय, काका." मी हेडफोन काढून काउंटरवर ठेवले आणि समोरच्या कपाटातल्या तारांच्या पाकिटांवरची अक्षरं वाचू लागलो. "होतं असं," तो म्हणाला. "मन भरून काढतं. मी अजून रोज सकाळी ट्रम्पेट ऐकतो, घरात कुणी वाजवत नसताना." मग त्याने तो काळा डबा माझ्यापुढे सरकवला. "हा न्या आठ दिवस. याच्यात बघायला काही नाही. कान उघडे ठेवायचे आणि बोट दाबायचं. चुकलात तर पुन्हा वाजवायचं. त्याच ट्रॅकवर पुन्हा रेकॉर्ड केलं की आधीचं गेलं, परत येत नाही, तेवढं लक्षात ठेवा." त्याचं हे शेवटचं वाक्य मला धमकीसारखं वाटलं, आणि तरी मी डबा घेतला. मला नाही म्हणता येत नाही, असं बायको म्हणते. जावयालाही मी तसंच हो म्हटलं होतं. म्हणून टेबलावर दोन्ही आले.

सोमवारी आणि मंगळवारी मी सॉफ्टवेअरवर काम केलं. काम हाच शब्द मला सुचतो. पहिली चाल घेतली. वरची ओळ वाजवायला तीन मिनिटं लागली आणि ती दुरुस्त करायला सोमवार. पडद्यावर बारीक उभ्या रेघा होत्या, ठोक्याच्या, आणि माझे सूर त्या रेघांच्या अलीकडे पलीकडे सांडलेले होते. जावयाने दाखवल्याप्रमाणे एकेक सूर पकडून मी रेघेवर नेऊन ठेवला. चुकलं तर मागे घेता येत होतं. मागे घेतलेलंही मागे घेता येत होतं. दुपारी बायकोने जेवायला हाक मारली असं तिने नंतर सांगितलं. मला आनंद होत होता हे खोटं सांगणार नाही. छत्तीस वर्षं मी प्रुफं तपासली. डोळ्यांनी चूक धरायची आणि समासात खूण करायची, याखेरीज मला दुसरं काही धड येत नाही, आणि इथे तेच चाललं होतं. आवाजाला समास होता. माझ्या कानांची मला भीती वाटत होती तितकी गरज नव्हती. मंगळवारी संध्याकाळी पहिल्या चालीच्या दोन्ही ओळी रेघांवर अशा बसल्या की पडद्याकडे पाहून मला छापून आलेलं स्वच्छ पान आठवलं. मी ती ऐकली, पडद्याकडे पाहत. उत्तम वाटली. मग शंका आली म्हणून मी डोळे मिटून एकदा दुरुस्तीपूर्वीची ऐकली आणि एकदा नंतरची. कुठली कुठली, ते मला सांगता येईना. डोळे उघडले की कळायचं.

छापखान्यात आम्ही दोघं एका टेबलावर बसत असू. एकाने मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने प्रुफावर डोळे ठेवून ऐकत जायचं. माझा वाचणारा स्वल्पविराम, अर्धविराम, अवतरणचिन्हं सगळं मोठ्याने वाचायचा. म्हणून छापखान्यात त्याचं नाव पूर्णविराम पडलं होतं. घरी बायकोशीही तो तसंच बोलतो, अशी थट्टा चालायची. एकदा त्याचा घसा बसला. चार दिवस आवाज नाही. एक मधमाशीपालनाचं पुस्तक हातात होतं, छपाईची तारीख ठरलेली होती, म्हणून मी एकट्याने नुसत्या डोळ्यांनी ते तपासलं. पान न् पान स्वच्छ केलं. हस्तलिखित लेखकाकडे परत पाठवण्यापूर्वी, काही महिन्यांनी, मी ते सहज चाळत होतो आणि एक ओळ अशी दिसली की जी मी छापलेली पाहिली नव्हती. पेटीच्या दाराशी धूर द्यावा आणि हलकेच सैल करावं झाकण. पुढची ओळ, माश्या शांत होईपर्यंत थांबावं आणि मगच पूर्ण उचलावं झाकण. त्यापुढे, ते उलटं करून जमिनीवर ठेवावं. खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याची नजर एका झाकणावरून दुसऱ्या झाकणावर गेली होती आणि मधली ओळ पडली होती. छापलेलं वाक्य वाचायला कुठेही अडखळत नव्हतं. जे तिथे नव्हतं ते माझ्या डोळ्याला दिसण्याचा प्रश्नच नव्हता. पूर्णविराम वाचत असता तर ते कानाला लागलंच असतं. मी हस्तलिखित पाकिटात घातलं, पाकीट चिकटवलं आणि पाठवून दिलं. कुणाला सांगितलं नाही. किती जणांना माश्या चावल्या असतील, मला माहीत नाही. त्या दिवसापासून एखाद्याचं तोंड सुजलेलं दिसलं की मी नजर वळवतो.

बुधवारी सकाळी मी लॅपटॉपचा पडदा अर्धा खाली केला आणि काळ्या डब्यासमोर बसलो. पहिल्या खुंटीखालचं लाल बटण दाबलं, ते लुकलुकू लागलं. मोठं बटण दाबलं, ते स्थिर झालं. पाहण्यासारखं काही नव्हतं म्हणून मी समोरच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे पूर्वी कॅलेंडर असायचं त्याचा फिका चौकोन आहे. वरची ओळ अकराव्या खेपेला बरी झाली. प्रत्येक खेपेला आधीची नाहीशी होत होती, आणि पाचव्यानंतर मला त्याचं काही वाटेनासं झालं. मग दुसरी खुंटी, दुसरं बटण, हेडफोन. खालची ओळ सातव्या खेपेला. मग मी दोन्ही एकत्र लावल्या. इथे मला काहीतरी मोठं वाटायला हवं होतं. निदान मी तशी तयारी ठेवली होती, रुमाल काढून ठेवला होता. पण झालं ते असं, की मला आश्चर्य वाटलं. खालची ओळ वरच्या ओळीची समजूत घालते अशी माझी इतकी वर्षं कल्पना होती. प्रत्यक्षात ती समजूतबिमजूत काही घालत नव्हती. ती पुढे पुढे चालली होती, जरा घाईत, बाजारात दोघं जातात आणि एक मागे पाहत नाही तशी, आणि वरची तिला गाठू पाहत होती. चाल उदास नव्हतीच. थोडी विनोदी होती. चोविसाव्या वर्षी मी विनोदी काही केलं होतं आणि मला पत्ता नव्हता. मी ती पुन्हा ऐकली. पुन्हा ऐकली. गुरुवारी दुसरी, तिसरी आणि चौथी झाली, शुक्रवारी दुपारपर्यंत पाचवी आणि सहावी. काही ठिकाणी बोट घसरलं आहे, ते तसंच ठेवलं. शुक्रवारी तीन वाजता मी हेडफोनची वायर काढली, लहान स्पीकर जोडला आणि दार उघडं ठेवून पहिली चाल लावली. दार उघडं ठेवलं, यापेक्षा जास्त धीर माझ्यात नव्हता.

बायको आली. ओल्या हातांनी दाराच्या चौकटीशी उभी राहिली. चाल संपली. मग म्हणाली, "छान आहे. तुमची का?" मी म्हणालो, "हं." ती म्हणाली, "अहो, पण ती शिट्टी असू द्यायचीय का तशीच?"

"कुठली शिट्टी?"

"ही काय. अगदी बारीक. सुईसारखी. सुरुवातीपासून शेवटपर्यंत आहे. रविवारपासून या खोलीत आले की ऐकतेय मी ती."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं तुमच्या त्या डब्यात असावीच लागत असेल. आणि तुम्हाला काही म्हटलं की तुम्ही हं म्हणता आणि दुसरीकडे बघता. म्हटलं, कशाला."

"ती शेवटी काढायची असते," मी म्हणालो. इतक्या सहज खोटं माझ्या तोंडून येतं हे मला नवीन होतं. "अस्सं," ती म्हणाली आणि हात पुसत गेली.

मी हेडफोन चढवून पुन्हा ऐकलं. आवाज वाढवला. मॅन्डोलिन होती, माझा श्वास होता, पाचव्या चालीत खुर्ची करकरलेली होती. शिट्टी नव्हती. मग मी डब्यातलं लहान कार्ड काढून लॅपटॉपमध्ये घातलं आणि जावयाला फोन लावला; फोन मी हल्ली स्पीकरवर टाकूनच बोलतो. तो म्हणाला, "बाबा, वरती एक बटण आहे बघा, त्याने आवाजाची उंची दिसते. जाड आवाज खाली, बारीक वर. दिसली का रेघ?" दिसली. काळ्या पडद्यावर खाली माझे सूर निखाऱ्यांसारखे पसरले होते आणि पार वर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक सरळ पिवळा दोरा ताणलेला होता. "तो दोरा पकडायचा आणि उडवायचा. एक मिनिटाचं काम. मी म्हटलं नव्हतं का, तो पेटारा परत द्या." मी म्हणालो, "हो, म्हणाला होतास." फोन ठेवला आणि दोरा पकडला. त्याच्याभोवती चौकट आली. एक कळ दाबली की तो गेला असता, सहाही चालींतून गेला असता, शनिवारी मी डबा परत दिला असता आणि घरात कुणाला काही कळलं नसतं. पुढल्या वर्षीही मी असाच डोळ्यांनी साफ करत राहिलो असतो, आणि त्याच्या पुढल्याही. कळेवर बोट ठेवून मी पडदा जवळून पाहिला. दोऱ्याच्या खालून माझ्या सुरांचे कोंब वर गेलेले होते, केसांसारखे बारीक. काही दोऱ्याला टेकत होते, काही त्याला ओलांडून पलीकडे गेले होते. दोरा कापला की तेही तेवढे कापले जाणार. ते कोंब म्हणजे काय, ते ऐकणाऱ्याला कसे लागतात, चालीत ते किती आहेत, हे मला कुठल्याच मार्गाने कळण्यासारखं नव्हतं. मी जे ऐकून थक्क झालो ते आणि ती दारात उभी राहून जे ऐकत होती ते, ही एक गोष्ट नव्हती. माझी चाल तिने माझ्यापेक्षा जास्त ऐकली होती.

मी कळेवरचं बोट उचललं. स्वयंपाकघरात ती पाठमोरी उभी होती. मी म्हणालो, "मला ती ऐकू येत नाही."

"काय?"

"शिट्टी. मला येत नाही ऐकू. तशा बऱ्याच गोष्टी येत नाहीत."

ती वळली. हातातलं पातेलं तिने ओट्यावर ठेवलं; ठेवल्याचं मला दिसलं. "कधीपासून?"

"चार महिन्यांपूर्वी तपासून आलो. त्याच्या आधीपासून असणार."

"दाताला गेला होतात तेव्हा?"

"हं."

तिने ओट्याला टेकून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं ती रडेल किंवा ओरडेल. ती म्हणाली, "मला वाटत होतं, माझं बोलणं तुम्हाला नकोसं झालंय. या वयात होतं म्हणतात तसं. म्हणून मी कमी बोलायला लागले होते. तुमच्या लक्षात तरी आलं का?"

माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी ते माझ्या कानांच्या खात्यात टाकलं होतं. मी तसं सांगितलं तेव्हा ती हसली, पण ते हसू धड नव्हतं. मध्येच तिने पदराने नाक पुसलं. "आणि मी इकडे आपली गप्प. शहाणेच आहोत दोघं." मग तिने विचारलं, "डबा परत कधी द्यायचाय?" "उद्या. ठेवायचा नसेल तर." "मग चला. ती शिट्टी येते कुठून ते आधी बघू. तीस वर्षं वर्गात शिकवताना मागच्या बाकावरची कुजबुज धरलीये मी, शिट्टी काय घेऊन बसलात."

ती माझ्या खोलीच्या मधोमध उभी राहिली, मान एका बाजूला कलती करून, आणि मला म्हणाली, "हलू नका." मग भिंतीवरच्या घड्याळाजवळ गेली. "हे नाही." पंखा बंद केला. "हाही नाही." ट्यूब मालवली, खिडकीतल्या उजेडात खाली वाकली, डब्याच्या वायरीशी कान नेला, मान हलवली. गुडघ्यावर हात ठेवून टेबलाखाली शिरली. पन्नास वर्षं शाळेतल्या आणि घरातल्या फरशीवर उभी राहिलेली बाई टेबलाखाली रांगताना पाहून मला उठावंसं वाटलं, पण हलू नका म्हणाली होती. "सापडली," टेबलाखालून आवाज आला. हे मला ऐकू आलं. लॅपटॉपच्या वायरीला मध्ये जो काळा ठोकळा असतो तो तिच्या हातात होता. रविवारपासून तो टेबलावरच्या माइकच्या बरोबर खाली पडलेला होता. "हा बघा, हाच ओरडतोय. काढू का?" त्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली होती, वायर काढली की तो तिथल्या तिथे बंद पडे. पडद्यावर अजून पिवळा दोरा होता आणि त्याच्याभोवती चौकट. "काढ," मी म्हणालो. पडदा काळा झाला. "गेली," ती म्हणाली. खोली मला आधी होती तशीच होती.

मी कार्ड काढून पुन्हा डब्यात घातलं. माइक टेबलावरून उचलून खुर्चीजवळ आणला. ती पलंगाच्या कडेला बसली आणि पाय जवळ घेतले. "मी श्वास घेतला तर चालेल ना?" तिने विचारलं. "हळू घे." "जुन्याचं काय होणार?" "त्याच्यावरच घेतोय. ते जाईल." "सगळं?" "सहाही. आज एक झाली तरी पुष्कळ. डबा ठेवून घेऊ म्हणतो." ती म्हणाली, "घ्या. मी कुठे जातेय?" मी पहिल्या खुंटीखालचं बटण दाबलं, मग मोठं. बुधवारची वरची ओळ, अकराव्या खेपेची, नाहीशी होऊ लागली. दुसऱ्या माणसासमोर मी ती कधी वाजवली नव्हती. पहिले चार सूर अडखळले, मग हाताला रस्ता सापडला आणि मी भिंतीवरच्या चौकोनाकडे न पाहता तिच्या पावलांकडे पाहत वाजवत राहिलो. शेवटचा सूर वरच्या तारेवर आहे, एकटाच; तो छेडून हात बाजूला घ्यायचा असतो आणि तार विरू द्यायची असते. मी हात बाजूला घेतला. तार विरली. मी बटणाकडे बोट नेलं. तिने पलंगावरून हात वर केला, तळवा माझ्याकडे, वर्ग गप्प करतात तसा, आणि नजर कुठेच न लावता ऐकत राहिली. मला काही येत नव्हतं. मी बोट बटणाच्या वर धरून बसलो आणि तिचा हात हळूहळू खाली येईपर्यंत ते दाबलं नाही.